पडद्यावरचे ख्रिस्तवासी

आमच्या चर्चमधल्या पंख्यांना नावं आहेत. कंपनीचं नाव कधीच पुसलं गेलं, पण प्रत्येक पात्यावर लाल ऑइलपेंटने लिहिलेलं आहे: ख्रिस्तवासी अमुक यांच्या स्मरणार्थ, मुले व सुना. पंखा फिरायला लागला की कुणाला काही वाचता येत नाही, त्यामुळे घरचे पाहुणे आले की लोक आधी बटण बंद करतात आणि मग वर बोट दाखवतात. बाकांवर नावं, घड्याळावर नाव, पाण्याच्या कूलरवर तर एवढं मोठं नाव की तोटी शोधावी लागते.

माझे वडील त्या चर्चचे झाडूवाले. शिडीवर चढून ती पाती पुसायचं काम त्यांचंच. त्यांचं नाव कशावरच नव्हतं, कारण आम्ही काही दिलेलं नव्हतं. हातात चार पैसे आले की आधी माझी फी जायची. त्या फीतून मी बी.कॉम. झाले, आमच्या घराण्यात पहिली. हे मी स्वतःच सांगून टाकते, कारण दुसरं कुणी आपणहून सांगत नाही.

दोन हजार सालानंतर चर्चमध्ये कॉम्प्युटर आला, प्रोजेक्टर आला, वेदीच्या बाजूला पांढरा पडदा लागला. गीतपुस्तकं फाटली होती, म्हणून आता गीतं पडद्यावर दाखवायची, असं ठरलं. त्यासाठीचं सॉफ्टवेअर सेक्रेटरींच्या जावयाने कुठून तरी आणलं. सेक्रेटरी म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले, गंगापूर रोडला फ्लॅट घेतलेले गृहस्थ. एक गीत टाइप करायला जावयाला किती वेळ लागतो ते पाहून त्यांना कल्पना सुचली. आमच्या मंडळीत कल्पना म्हणून एकच सुचते. ती त्यांनाही सुचली.

"एक गीत, एक कुटुंब!" त्यांनी उपासनेनंतर जाहीर केलं. "ज्या कुटुंबाने देणगी देऊन गीत घेतलं, त्यांच्या ख्रिस्तवासी माणसाचं नाव त्या गीताखाली कायम दिसेल."

लोकांनी नाताळच्या केकवर तुटून पडावं तशी गीतं उचलली. आणि सेक्रेटरींनी ती कॉम्प्युटरमध्ये लावली कशी, तर घराण्यावार. प्रत्येक कुटुंबाचा एक फोल्डर, आत त्यांनी घेतलेली गीतं, मयताचा कोटातला फोटो आणि मागे लावायला आवडीचं चित्र. वर त्यांचं समर्थन असं, की देणगीदाराला आपलं गीत चटकन सापडलं पाहिजे. जणू देणगीदार रोज सकाळी अंघोळ करून कॉम्प्युटरपाशीच जाणार होता.

आता आमच्या लोकांना गीतं नंबराने पाठ. स्वतःच्या घरचा फोन नंबर चुकतील, गीताचा चुकणार नाहीत. पाळकसाहेबांनी वेदीवरून म्हणावं, "गीत क्रमांक एकशे चौऱ्याऐंशी," आणि पेटी सुरू व्हावी, ही पिढ्यानपिढ्यांची पद्धत. नव्या व्यवस्थेत पाळकसाहेबांनी नंबर सांगितला की जावई माऊस धरून मंडळीकडे वळायचा.

"एकशे चौऱ्याऐंशी कुणाचं?"

"आमच्या साडूचं!" मागून आवाज यायचा. "पण त्याच्या नावात बघू नकोस, सासूच्या नावाने घेतलंय!"

तोवर पेटीवाल्याचं दुसरं कडवं संपलेलं असायचं.

दोन भावांना एकच गीत हवं होतं. सेक्रेटरींनी न्याय केला. पहिली दोन कडवी थोरल्याकडे, पुढची दोन धाकट्याकडे. धृपद कुणाचं, यावरून ते दोघे बोलेनासे झाले, आणि बरेच दिवस ते गीत आमच्याकडे धृपदाशिवाय गायलं गेलं.

हे सगळं मी मागच्या बाकावरून बघत होते आणि मला त्यात बोलायचं कारण नव्हतं. पण मग एक लग्न झालं. मुलगी देवळाली कॅम्पातल्या एका निवृत्त सुभेदाराची. ती वडिलांच्या हाताला धरून दारातून आत आली, पेटीवर आशीर्वादाचं गीत सुरू झालं आणि पडद्यावर बर्फाच्या डोंगरापुढे कोटातले एक आजोबा उगवले. खाली ठळक अक्षरांत: अल्पशा आजाराने प्रभूमध्ये निजले.

सुभेदार जागीच थांबला. "ये क्या है?" तो पूर्ण आवाजात म्हणाला. "शादी है के मय्यत?"

पुढच्या आठवड्यात सेक्रेटरींनी मला हाक मारली. मी तेव्हा एका सरकारी कचेरीच्या रेकॉर्ड विभागात पक्की नोकरी करत होते, पण त्यांना मी झाडूवाल्याची मुलगी म्हणूनच ओळखीची.

"सलाम. अगं, तू कॉलेजात शिकलीस ना? जरा बघ. जावयाला वेळ नाही."

मी बघितलं. एकच धबधब्याचा व्हिडिओ इतक्या फोल्डरांत इतक्या वेळा भरलेला, की त्या पाण्यात कॉम्प्युटरचं डोकं बंद पडायचं तेवढं बाकी. आमच्या रेकॉर्ड रूममध्ये फाइल कुणाच्या बापाची आहे यावरून कपाटात जात नाही, विषयावरून आणि नंबरावरून जाते. हे समजायला पदवी लागत नाही, पण ज्यांच्याकडे गंगापूर रोडचा फ्लॅट होता त्यांना ते समजलं नव्हतं. मी घराण्यांचे फोल्डर मोडले. गीतं नंबराने लावली, प्रत्येक गीताची एकच प्रत ठेवली. लग्न, अंत्यविधी, नाताळ, हंगामाचा सण यांच्या वेगळ्या याद्या केल्या. चित्रं आणि व्हिडिओ गीतांपासून तोडून आपापल्या कप्प्यात टाकले. द्राक्षवेलीच्या गीतामागे कुणीतरी परदेशातला मळा लावला होता. दिंडोरी माझं आजोळ. मावसभावाकडून खऱ्या बागेचा फोटो मागवून लावला.

सेक्रेटरी म्हणाले, "यात फवारणीचा पंप दिसतो."

"द्राक्षं अशीच येतात, साहेब," मी म्हणाले.

आणि गीतांखालची सगळी नावं काढली. ती एकाच पानावर घेतली. उपासना सुरू व्हायच्या आधी ते पान पडद्यावर राहील, पहिल्या गीताबरोबर जाईल. सुभेदाराच्या धसक्याने चर्चचा कारभार बघणाऱ्या पंचांनी मान्य केलं. फक्त प्रत्येक नावापुढे हुद्दा हवा, असं ठरलं. निवृत्त मुख्याध्यापक, निवृत्त सर्कल इन्स्पेक्टर, निवृत्त हेडक्लार्क. मेल्यावरही माणूस निवृत्तच.

मी हे सगळं घरी आईला हसत सांगितलं. ती भाजी निवडत होती. वडील जाऊन तेव्हा काही वर्षं झाली होती.

"मंग त्यांचं बी लाव की त्यात," ती म्हणाली.

"आई, मूर्खपणा आहे तो सगळा."

"आसंल. म्हून काय झालं? त्यात समदे शानेच हायेत का?"

मीही भाजी निवडायला बसले. ती म्हणाली, "तुजा बाप पाती पुसायचा तवा शिडी मी धरायची. खाली हुबं ऱ्हाऊन लय नावं बघितली म्या. वाचाया येत नाय मला. पर त्याचं त्यात नाय, येवढं म्हाईत व्हतं."

कॉम्प्युटर माझ्या हातात होता. गुपचूप एक ओळ घातली असती तर कुणाला कळलंही नसतं. पण चोरून घातलेलं नाव चोरीचंच, आणि माझ्या बापाने चर्चमधली सुतळीसुद्धा घरी आणली नव्हती. मी पंचांच्या मीटिंगला गेले आणि सांगितलं, माझ्या वडिलांचं नाव पानावर घ्यायचं आहे.

"घेऊ की," सेक्रेटरी म्हणाले. "देणगी काय देतेस?"

"ही सगळी लायब्ररी लावून दिली ती काय? तीच त्यांच्या नावाने."

पाळकसाहेब म्हणाले, बरोबर आहे. सेक्रेटरींनी पेनाचं टोपण दोनदा काढलं, दोनदा लावलं.

"आणि हुद्दा? 'चर्चचे निष्ठावंत सेवक' असं टाकू."

"झाडूवाले टाका."

"अगं, बरं दिसत नाही ते."

"चर्च बरं दिसायचं ते त्यांच्यामुळेच."

"तसं नव्हे. सर्कल इन्स्पेक्टरांच्या खाली झाडूवाले, त्यांच्या मुलांना काय वाटेल?"

"मग वर लावते," मी म्हणाले.

त्यावर कुणी काही बोललं नाही, म्हणून मी ते मंजूर धरलं.

हंगामाच्या सणाच्या रविवारी ते पान पहिल्यांदा लागलं. वेदीपाशी ऊस, भोपळे, मेथीच्या जुड्या, द्राक्षांच्या पेट्या. समोरचे बाक मात्र रिकामे. आमच्यात वेळेवर येणं कमीपणाचं मानतात, आणि ज्यांनी नावांसाठी भांडणं केली ते सगळे अजून घरी इस्त्री करत होते. आई तेवढी आली होती. दार उघडायचं काम वडिलांकडे असल्यामुळे तिला आधी यायची सवय.

पहिल्या बाकावर बसून ती पडद्याकडे बघत राहिली.

"कंचं?"

मी कॉम्प्युटर सोडून पडद्यापाशी गेले आणि सगळ्यात वरच्या ओळीवर बोट ठेवलं. प्रोजेक्टरच्या उजेडात माझ्या हाताची सावली त्या ओळीवर पडली.

"हात काड की," आई म्हणाली. "तुजा हातच दिसतोय निस्ता."

मी हात काढला. ती बघत बसली. तिला घाई नव्हती आणि मलाही नव्हती.

सेक्रेटरी सगळं कुटुंब घेऊन आले तेव्हा पाळकसाहेबांनी नंबर सांगितला होता, पेटी सुरू झाली होती आणि नावांचं पान गेलेलं होतं. नव्या सुनेला सासऱ्याच्या वडिलांचं नाव दाखवायचं राहिलं. त्यांनी बाकावरूनच मला हाताने गोल खूण केली: परत लाव, परत लाव.

मंडळीचं पहिलं कडवं होत आलं होतं. मी दुसरं लावलं.