अण्णाच्या मोटारीचा ब्रेक

अण्णा गेल्याची बातमी मला अकोल्यात सकाळच्या गाडीनं आलेल्या एका बागवानानं दिली. संत्र्यांच्या टोपल्या उतरवता उतरवता तो म्हणाला, "तुमचे अण्णा गेले ना बाप्पा... काल. मोटारीपाशीच बसले होते म्हणते." मी मान खाली घातली. त्याला वाटलं, दुःखानं घातली. दुःख होतंच, पण 'मोटारीपाशी' हा शब्द कानावर पडताच त्याच्याआधी लाज पुढं आली. त्याला आता काही आठवडे झाले, तरी ती हटत नाही. अण्णाविषयी चार शब्द लिहा म्हणून मंडळी मागं लागली आहेत. त्याचा दिलदारपणा, त्याच्या मळ्यातली गोड संत्री, यांवर लिहावं अशी त्यांची अपेक्षा असणार. पण मला लिहायला बसलं की ती मोटारच दिसते.

अण्णा माझा थोरला चुलतभाऊ. अमरावतीच्या बाहेर त्याचा संत्र्यांचा मळा. विलायतेला परत निघालेल्या एका साहेबाकडून त्यानं ती मोटार घेतली, तेव्हा ती तरुण नव्हती, पण थाट असा की रस्त्यावरची माणसं बाजूला होऊन बघत राहत. बंद टपाची, काळीभोर, आत कातड्याच्या गाद्या, खिडक्यांना रेशमी पडदे, आणि दाराशी फुलं ठेवायची एक काचेची नळीसुद्धा. साहेब जाताना सांगून गेला होता की इंजिन दणकट आहे, पण मोटार जुनी झाली, तेलपाणी आणि ब्रेक तेवढे वेळच्या वेळी बघा. अण्णानं मान डोलावली आणि दुसऱ्याच दिवसापासून इंजिनाच्या मागं लागला. मुंबईहून मोठा कार्बुरेटर मागवला. सायलेन्सर काढून टाकला, कारण त्यानं म्हणे इंजिनाचा दम कोंडतो. साधा भोंगा जाऊन तीन सुरांचा आला. "गाडीले काळीज असते," तो मला सांगे, "म्या तिचं काळीजच बदलून टाकलं." खांडेनवमीला तिची अशी पूजा व्हायची, की नांगर आणि तराजू बिचारे कोपऱ्यात अंग चोरून बसत. झेंडू, कुंकू, नारळ, सगळं तिला. एवढे लाड चालले होते, पण चाकाखाली वाकून कोणी पाहिलं नाही. मीही त्या लाडांत सामील होतो. शिकलेला म्हणून घरात माझ्या शब्दाला वजन होतं, आणि मी ते सगळं वजन तीन सुरांच्या भोंग्याच्या पारड्यात टाकलं होतं.

अण्णाची एकुलती एक मुलगी कुसुम. अकोल्याचं एक चांगलं स्थळ आलं होतं. मुलाच्या आजीला प्रवास झेपत नव्हता, म्हणून मुलगी अकोल्यातच, कुसुमच्या मामाकडे, दाखवायचं ठरलं. अण्णाला साहजिकच मोटारीनं जायचं होतं. सोयऱ्यांच्या दारात ती थाटात उभी राहिली पाहिजे. अडचण एकच होती. ब्रेक दाबला की चाकातून असा करकर आवाज निघे, की अर्धी आळी वळून बघे. वहिनी म्हणाली, "हे काहून कुरकुरून राह्यलं? कोनाले तरी दाखवा ना आधी."

"वाजते म्हंजे सुकलं," अण्णा म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "आपल्या दमनीचं चाक वाजलं त आपन काय करतो?"

"तेल देतो," मी म्हणालो.

"मंग?"

झालं. दोघांचा जन्म बैलगाडीच्या आसाला वंगण घालण्यात गेलेला. निघायच्या दिवशी सकाळी अण्णानं चाकं उतरवली आणि आत जिथं ब्रेकचा पट्टा चाकाला आवळतो, तिथं एरंडीचं तेल सोडलं. कुपी मी धरली होती. तेल लागलेला पट्टा चाक धरणार कसं, हे त्या मळ्यात उभ्या असलेल्या दोन शहाण्या पुरुषांना सुचलं नाही. आवाज मात्र गेला. अण्णा खूश होऊन म्हणाला, "पाह्यलं? सोयऱ्याइले कयनारबी नाही."

मूर्तिजापुरापर्यंत हळूच चाललो होतो, म्हणून जोरानं थांबायची वेळ आलीच नाही. मूर्तिजापूर सोडलं आणि शेजारच्या रुळावर पॅसेंजर दिसली. अण्णाचे डोळे चमकले. आगगाडीला मागं टाकायची त्याची कितीतरी दिवसांची हौस होती. मागं वहिनी आणि हिरव्या लुगड्यातली कुसुम, पुढं आम्ही दोघं. वहिनी ओरडत होती, "अवो, हळू! पोरगी हाय मांगं!" आणि मी... मी खिडकीतून अर्धा बाहेर वाकून ओरडत होतो, "दाब अण्णा, दाब! गाठली!" आम्ही खरोखरच ती गाठली. इंजिनाच्या आणि माझ्या ओरडण्यात वहिनीचा आवाज बुडून गेला. पुढं सडक एकदम नाल्याकडे उतरत होती. अण्णानं ब्रेक दाबला, पुन्हा दाबला. मोटारीनं कुरकुर केली नाही, आणि ती थांबलीही नाही.

आम्ही तिघं खरचटण्यावर निभावलो. मोटार नाल्यात ज्या कुशीवर पडली, त्या बाजूला कुसुम होती. तिचा पाय वाचला, पण आखूड झाला. अकोल्याच्या मंडळींनी मुलीची प्रकृती सांभाळा असा निरोप पाठवला, त्यातच काय ते समजलो. पुढं स्थळं आली नाहीत असं नाही, पण कुसुमनंच नको म्हटलं. ती मुलींच्या शाळेत शिकवू लागली. अण्णानं मोटार ओढून मळ्यात आणली आणि गोठ्याशेजारच्या छपराखाली लाकडी ठोकळ्यांवर चढवली. लढाईच्या दिवसांत पेट्रोल मिळेना, तेव्हा मोडीत का होईना विकून टाक म्हणून मी सुचवलं. तो माझ्याकडे नुसता बघत राहिला. त्यानंतर मी मळ्यावर जाणं कमी केलं. त्याच्या डोळ्यांत ठपका नव्हता, तीच पंचाईत होती. बाजारात जाताना तो कुसुमच्या मागून चाले, तिच्या लंगडत्या पावलाला पाऊल लावून. आगगाडीशी शर्यत लावणारा माणूस, मुलीच्या पुढं एक पाऊल टाकत नसे.

मळ्यावर अण्णाची तेरवी आटोपल्यावर मी निघायच्या बेतात होतो. वहिनी म्हणाली, "कुसुम छपरात हाय. भेटून जा." मला तिथं जायचं नव्हतं. गेलो. मोटारीचा पत्रा गंजला होता, पडदे उंदरांनी नेले होते, कार्बुरेटरच्या जागी भोक होतं. पण चाकाच्या आतला ब्रेक रॉकेलनं धुतलेला, नवा पट्टा लावलेला, लख्ख. कुसुम चालवणाऱ्याच्या जागी बसली होती.

"काका, जरा चाक फिरवता का? बाबा रोज फिरवत. एकट्यानं होत नाही हे काम."

मी खाली बसून ठोकळ्यावरचं ते चाक दोन्ही हातांनी गरकन फिरवलं. तिनं आखूड पाय लांब करून ब्रेक दाबला. करकर... तोच आवाज, अर्ध्या आळीनं वळून बघावं असा. चाक जागच्या जागी थांबलं.

"असं थांबलं की बाबा काय म्हणत, ठाऊक आहे?" कुसुम म्हणाली. "'लागला वं माय, लागला.' बस, एवढंच. रोज."

मी चाकाला पुन्हा जोर लावून पाहिला, ते हललं नाही. ती पाय न उचलता वाट बघत राहिली. मग ब्रेक सोडून म्हणाली, "आता दुसरं चाक, काका."