ग्रंथालयापासून सात मिनिटं

हॉटेलवाले "स्टेशनपासून पाच मिनिटं" असं लिहितात तेव्हा नक्की कुणाच्या पायांनी चालतात, हे मला त्यांना एकदा समोर बसवून विचारायचं आहे. त्या वर्षी फेब्रुवारीपासून मेपर्यंत मी लंडनमधली शेदीडशे हॉटेलं मोबाइलवर पाहिली. प्रत्येक हॉटेल कशापासून तरी पाच मिनिटांवर होतं. नकाशा उघडला की त्या पाचाची पंचवीस व्हायची आणि वर एक चढ निघायचा. "मध्यवर्ती" म्हणजे शहराच्या हद्दीत, एवढाच अर्थ. "आटोपशीर खोली" म्हणजे एकाला बॅग उघडायची असेल तर दुसऱ्यानं पलंगावर पाय वर घेऊन बसायचं. आणि जे खरोखर जवळ असायचं, त्याचा एका रात्रीचा दर बघून मी मोबाइल पर्समध्ये टाकायची आणि खिडकीबाहेर बघत बसायची.

खिडकी कंपनीच्या बसची. मी विश्रांतवाडीला राहते आणि हिंजवडीला नोकरी करते. जायला दोन तास, यायला दोन तास, आणि एखादा मंत्री येणार असला तर विचारूच नका. अंतर म्हणजे काय ते मला कुठल्याही वेबसाइटनं शिकवू नये. शिवाय माझं कामच टेस्टिंगचं आहे. दुसऱ्यानं "सगळं नीट चालतंय" असं सांगितलं की कुठे नीट चालत नाही ते शोधायचं. थोडक्यात, खोटं पकडण्याचा मला पगार मिळतो.

हा सगळा खटाटोप आप्पांसाठी चालला होता. आप्पा म्हणजे माझे वडील, तेव्हा सत्त्याहत्तर वर्षांचे. पुण्यातल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात ते चौतीस वर्षं परिचर होते. वाचणाऱ्यानं चिठ्ठी दिली की आत जायचं, पुस्तक शोधून आणून टेबलावर ठेवायचं, संध्याकाळी ते परत जागेवर लावायचं. तिथेच कधीतरी त्यांनी लंडनमधल्या एका मोठ्या ग्रंथालयाबद्दल वाचलं. तिथे म्हणे जमिनीखाली मजल्यांमागून मजले पुस्तकंच आहेत. तेव्हापासून त्यांच्या डोक्यात एक प्रश्न बसला होता, की तिथे चिठ्ठी दिल्यापासून पुस्तक टेबलावर यायला किती वेळ लागतो? राजवाडा नको, मनोरा नको, नदीतली बोट नको. त्यांना रोज त्या ग्रंथालयात जाऊन बसायचं होतं. आई गेल्यानंतर त्यांनी तोंड उघडून मागितलेली ही पहिली गोष्ट.

बायपासनंतर डॉक्टरांनी त्यांना बजावलं होतं, एका दमात दहा मिनिटांपेक्षा जास्त चालायचं नाही आणि जिने चढायचे नाहीत. म्हणजे राहण्याची जागा ग्रंथालयापासून दहा मिनिटांच्या आत हवी, खोली तळमजल्यावर किंवा लिफ्टची हवी आणि नऊ दिवस राहणं मला परवडायला हवं. नवरा लेकीच्या बारावीसाठी घरी थांबणार होता, त्यामुळे आम्ही दोघंच. या तिन्ही अटी एकदम घातल्या की स्क्रीनवर काही उरायचंच नाही. एकदा एक हॉटेल उरलं. त्याच्या रिव्ह्यूमध्ये लिहिलं होतं, लिफ्ट आहे, पण ती दुसऱ्या मजल्यापासून सुरू होते. ज्या माणसानं ती इमारत बांधली त्याला मी बसमध्ये, चारचौघांत, मोठ्यानं शिवी घातली.

शेजारची मैत्रीण हसली. सहा वर्षं आम्ही त्या बसमध्ये शेजारी बसत होतो. तिचं माहेर पेठेतलं, लग्न होऊन इकडे आलेली. एकमेकींचे डबे खायचो, सासवांच्या कागाळ्या करायचो. ती म्हणाली, "तू हॉटेलांच्या मागे का लागलीयेस गं? माझ्या मावशीची एक मैत्रीण आहे ना तिथे. मूळची पुण्याचीच, पंचवीस वर्षं झाली तिकडे. घरातल्या दोन खोल्या देते, आणि फार महाग नाही. फक्त आपल्या लोकांना देते."

आपल्या लोकांना म्हणजे मराठी माणसांना, असं मी समजले. समजून घ्यायचं होतं तसं समजले.

रविवारी दुपारी त्या बाईंना फोन लावला. आप्पांनाही ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू ठेवला. ते समोर खुर्चीत बसून नातीच्या पुस्तकाला खाकी कव्हर घालत होते. बाई फार गोड बोलत होत्या. "घरगुती आहे हो सगळं, हॉटेलसारखं कोरडं नाही. सकाळी पोहे, उपमा, काय हवं ते. वडिलांना जिने नकोत ना? मग खालची खोली देते. आणि ग्रंथालय म्हणाल तर सात मिनिटं. मी स्वतः घड्याळ लावून चालले आहे." चार महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी मला खरा आकडा सांगत होतं. मला रडूच यायचं बाकी होतं. आप्पांनी कव्हर घालायचं थांबवलं होतं.

"आडनाव काय म्हणालात?"

मी सांगितलं.

ते इथे लिहीत नाही. लिहिलं तर तुम्हीही आत्ता तेच कराल, जे त्यांनी केलं. आमचं आडनाव तीन-चार जातींमध्ये सापडतं. त्यामुळे ते ऐकून कुणाचं समाधान होत नाही, पुढचा प्रश्न येतोच.

"हां... म्हणजे मूळचे कुठले तुम्ही?"

"सासवडजवळचे."

"अच्छा, अच्छा. म्हणजे मराठा ना? नाही, तसं आमचं काही नाही हो, आम्ही मानतच नाही. पण सासूबाई आहेत घरात, ब्याण्णव वर्षांच्या. त्यांचं देवघर, सोवळं. या वयात त्यांना कुठे समजावत बसणार?"

आम्ही छप्पन सालापासून बौद्ध आहोत. माझ्या आजोबांनी धर्म बदलला तेव्हा आप्पा आठ वर्षांचे होते. समोरच्या भिंतीवर दोन तसबिरी होत्या, मी त्यांच्याकडे बघत होते. नऊ दिवस, तळमजला, सात मिनिटं.

"हो," मी म्हणाले.

एवढंच. मग पुढचं सगळं घसरगुंडीसारखं झालं. हो, आम्ही शाकाहारी. नाही, अंडंसुद्धा नाही. बाई म्हणाल्या, मग काही प्रश्नच नाही, या खुशाल. मी आभार मानून फोन ठेवला आणि आप्पांकडे बघून म्हणाले, "झालं बाई एकदाचं!"

आप्पांनी कव्हरची घडी नखानं दाबून बसवली. पुस्तक बाजूला ठेवलं. मग अगदी शांतपणे विचारलं, "किती दिवस म्हणालीस?"

"नऊ."

"मग नऊ दिवस मी कोण आहे ते मला नीट सांगून ठेव. पाठ करतो. त्यांच्या सासूबाईंनी कुलदैवत विचारलं तर कुठलं सांगायचं? जेजुरी चालेल?"

ते टोमणा मारत होते असं मला वाटलं. पण चेहऱ्यावर टोमण्याचं काही नव्हतं. ग्रंथालयात नवीन साहेब आला की त्याची पद्धत विचारून घ्यावी, तसं विचारत होते. मला इतका संताप आला की मी त्यांच्यावरच ओरडले. तुमच्यासाठीच करतेय हे, चार महिने डोळे फोडून घेतलेत, नऊ दिवसांनी कुणाचं काय बिघडणार आहे, त्या बाईला कोण विचारतंय, वगैरे. हे ऐकून घेणारा माणूस सत्त्याहत्तर वर्षांचा आहे, त्याची छाती एकदा उघडून शिवलेली आहे, याचंही मला भान नव्हतं.

माझं संपल्यावर ते म्हणाले, "माझ्या वडिलांनी पुण्यात आठ जागा बदलल्या. प्रत्येक वेळी हाच प्रश्न. प्रत्येक वेळी सरळ उत्तर दिलं आणि सामान उचललं. मी हातात कंदील धरून मागे चालायचो. तू जाऊन ये लंडनला. मी काही येत नाही."

ते आत जाऊन पडले. मी हॉलमध्ये येरझारा घालत राहिले. त्या बाईंचा राग येत होता. पंचवीस वर्षं सातासमुद्रापार राहून जिनं ही एक गोष्ट न विसरता बॅगेतून नेली. तिच्या सासूचा राग येत होता. ब्याण्णव वर्षांची म्हातारी, तिच्या नावावर सगळं खपवायचं, तिला कुणी विचारलं तरी होतं का? मैत्रिणीचा राग येत होता. आणि सगळ्यांत जास्त माझ्या त्या "हो"चा. त्यात अडखळणं नव्हतं, आवंढा गिळणं नव्हतं. दुकानदारानं पिशवी हवी का विचारल्यावर म्हणतो तसा निघाला होता.

तासाभरानं पुन्हा फोन लावला. या वेळी स्पीकर नाही. मी सांगितलं, मघाशी मी खोटं बोलले, आम्ही बौद्ध आहोत, मासेमटण सगळं खातो, आणि आता खोली देणार का तेवढं सांगा. त्या म्हणाल्या, "अहो, मला स्वतःला काहीच नाही. पण तुम्ही खोटं बोललात ना, त्याचं फार वाईट वाटलं. विश्वासावर चालतं हो हे सगळं. आणि खरं सांगू का, त्या तारखांना खोली बहुतेक गेलीच आहे."

मी फोन बंद केला. जे बोलायला हवं होतं ते नंतर सुचलं, आणि ते छापण्यासारखं नाही. तिनं दार लावलं याचं मला आश्चर्य नव्हतं. पण दार लावता लावता विश्वासघात झाल्याचं दुःखही तीच करून घेणार, हे मला आजही सहन होत नाही.

मग मोबाइल उघडला आणि दरांवरची मर्यादा काढून टाकली. ग्रंथालयापासून आठ मिनिटांवर, लिफ्ट असलेलं, खिडकी नसलेल्या खोलीचं एक हॉटेल होतं. तिथे नऊ दिवस राहणं मला झेपणारं नव्हतं, चार झेपत होते. त्या वेबसाइटनं नाव-आडनाव घेतलं आणि पुढे काही विचारलं नाही. (पुढे आम्ही त्या खोलीत चार रात्री राहिलो. पुस्तक टेबलावर यायला तिथे सत्तर मिनिटं लागतात, असं तिथल्या माणसानं सांगितलं. "आमच्याकडे दहा," आप्पा त्याला म्हणाले, मराठीत.)

बुकिंगचा कागद छापून मी आप्पांना नेऊन दिला. म्हटलं, त्या बाईंना फोन करून खरं सांगून टाकलंय, आता चारच दिवस आहेत, पण चला. त्यांनी चष्मा लावून तो पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. घडी घालून खिशात ठेवला. मी वाट बघत होते, काहीतरी चांगलं बोलतील म्हणून.

"त्या बाईला सांगितलंस, बरं केलंस," ते म्हणाले. "ती काही तुला परत भेटायची नाही. तुझ्या मैत्रिणीला काय सांगितलंस?"

मैत्रिणीला मी मेसेज केला होता की खोली आधीच भरली होती, पण थँक्स गं. तो त्यांना वाचून दाखवला. ते चष्मा काढून परत आडवे झाले. माझ्यावर ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये ती नेहमीसारखी शेजारी बसली आणि हळहळली, इतकी छान जागा हातची गेली म्हणून. मी म्हटलं, "जागा भरली नव्हती. आम्ही बौद्ध आहोत म्हणून दिली नाही." पुढच्या सीटवरच्या दोन माना किंचित हलल्या आणि परत स्थिर झाल्या. तिनं माझा हात हातात घेतला. तिचे डोळे खरोखर भरून आले होते. ती वाईट बाई नाही, हे मी आजही म्हणेन.

"अगं, काय सांगतेस!" ती म्हणाली. "सहा वर्षं आपण शेजारी बसतोय. मला कधी वाटलंच नाही गं!"

ती हे कौतुकानं म्हणत होती. मी हात सोडवून घेतला. मला तिच्यावर खेकसायचं होतं, वाटायला काय हवं होतं म्हणून विचारायचं होतं. तोंडापर्यंत आलं आणि तिथेच अडलं. कारण गणपतीत तिनं "तुमच्याकडे किती दिवसांचा?" असं विचारलं की "आमचा सासरी असतो," असं दर वर्षी मी सांगत आले होते. चौदा एप्रिलला रजा घेतली की दुसऱ्या दिवशी "घरी पाहुणे होते" म्हणायची. बसमध्ये आरक्षणावरून गप्पा रंगल्या की कानात इअरफोन घालायची आणि त्यात गाणंही लावलेलं नसायचं. तिला कधी वाटलं नाही, ते बरोबरच होतं. तिला वाटू नये याची काळजी सहा वर्षं मीच घेतली होती.