धाकटीसाठी आणलेला पोपट

लिहिणं हे माझ्यासारख्याचं काम नव्हे, हे मला कळतं. आमच्या घरात माझ्याआधी कोणी अक्षर गिरवलेलं नाही. कॉलेजात चार पुस्तकं वाचली म्हणून आपणही लिहावं, असं मनात येणं हा उद्धटपणा असेल, तर वाचणाऱ्यांनी पोटात घालावा. पण ही गोष्ट मी तोंडानं कोणाला सांगू शकलो नाही. वेळ होती तेव्हाही सांगितली नाही.

माझी धाकटी बहीण माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. मधली तीन भावंडं जगली नाहीत, म्हणून तिच्यावर सगळ्यांचा जीव. ती चार वर्षांची झाली तरी एक शब्द बोलत नव्हती. हसायची, रडायची, हवं ते हाताला धरून दाखवायची. पण ‘माय’ एवढंसुद्धा तोंडातून निघत नव्हतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी हैदराबादेहून गावी आलो, तेव्हा घरात तोच एक विषय होता.

चुलतीचं म्हणणं, पोरीला पोपट पाळायला द्यावा. पोपटाची चोच लागलेलं फळ खाल्लं की लेकरू बोलायला लागतं, ही आमच्याकडची जुनी समजूत.

“माझ्या माहेरात असंच एक पोरगं मुकं व्हतं,” चुलती म्हणाली. “वरीसभर पोपटाचं उष्टं चारलं. आता त्येला गप करायला माणूस ठेवावं लागतंय.”

बाबांना ते पटेना. “पोपट काय कामाचा? तित्तर पाळा. त्येच्या आवाजावर रानातली तित्तरं फाशात येत्यात.”

“भावजी, पोरगी बोलाय पायजे का तुमाला कालवण पायजे?”

बाबा हसले आणि उठून गेले. माय मात्र हसली नाही. ती मला म्हणाली, “तू शिकलेला हाइस. तुला कळंल त्ये आण.” त्या शब्दांचं मला ओझं वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडा अभिमानही.

नांदूरघाटच्या बाजाराला मी धाकटीला खांद्यावर बसवून नेलं. पाखरं विकणारा एक म्हातारा चिंचेखाली बसला होता. त्याच्यापुढं टोपलीत सशाची दोन पिल्लं, एका पिंजऱ्यात खार आणि फडक्याखाली पोपटाचं एक पिल्लू, पुरती पिसंही न फुटलेलं. धाकटीनं पोपटाकडे पाहिलंही नाही. तिनं सशाचं एक पिल्लू उचललं, छातीशी धरलं, मग त्याच्या पाठीवर गाल टेकला आणि डोळे मिटून तशीच उभी राहिली. त्याच्या काळजाची धडधड तिला गालावर लागत असावी. मी ते पिल्लू तिच्या हातातून सोडवायला लागलो.

“पोरीनं पसंत केलंय की वो,” म्हातारा म्हणाला. “कावून हिसकून घेता?”

“बोलणारं पाहिजे.”

“बोलणारं पायजे तर बायको करा. ह्यो तर चार-सा महिने त्वांड बी उघडायचा न्हाई.”

आजूबाजूचे लोक हसले. मी खाली मान घालून पोपट घेतला. धाकटी वाटभर माझ्या केसांत मुठी आवळून रडत होती.

पोपट ओसरीवर टांगला. माय त्याच्यापुढं आंब्याची फोड धरायची, त्यानं टोच मारली की ती फोड धाकटीला भरवायची. मग दोघांपुढं बसून ती “माय म्हन, माय म्हन” असं घोकायची. कोणी आलं-गेलं तरी पोपटाला तेच शिकवायचं. धाकटी त्याच्या हलणाऱ्या गळ्याकडे टक लावून बघायची. चुलती म्हणायची, बघा, शिकतीया.

सुट्टी संपायला आठवडा राहिला होता. दुपारी धाकटी अंगणात बाजेवर पाय वर घेऊन चिंचोके मोजत बसली होती. तिच्या पाठीमागं चुलतीच्या हातून भरलेली तांब्याची घागर दगडी पायरीवर पडली. वासरू दावं ताणून उभं राहिलं, पोपट किंचाळत पिंजऱ्यावर आदळला. धाकटीनं मात्र मान वळवली नाही. तिनं पुढचा चिंचोका उचलला.

मी तिच्या मागं जाऊन टाळी वाजवली. मग हाक मारली. मग कानाजवळ, मोठ्यानं. काही नाही. शेवटी मी बाजेला पायानं धक्का दिला, तशी ती वळली आणि मला बघून हसली. आमची ओसरी जुन्या फळ्यांची. मायच्या चालीनं फळी हालायची आणि धाकटी वळून बघायची. तेवढ्यावर आम्ही चार वर्षं धरून चाललो होतो की तिला ऐकू येतं.

तो आठवडा मी घरात होतो. रोज ठरवायचो, आज सांगू. माय रोज फोड भरवायची आणि तिच्या ओठांकडे बघत राहायची. मी सांगितलं नाही. ज्यानं बोलणारा पोपट निवडून आणला त्यानंच हे कसं सांगावं, ही लाजही होती. ती लपवून उपयोग नाही.

हैदराबादेहून पत्रानं कळवावं, तर घरात वाचता कोणालाच येत नाही. माझं पत्र पाटलाच्या पारावर गुरुजी मोठ्यानं वाचून दाखवतात, निम्मा गाव ऐकायला बसतो. पोरगी बहिरी आहे हे एकदा तिथं वाचलं गेलं, की जन्मभर ती गावाची बहिरी. मी दोनदा लिहिलं आणि दोनदा फाडलं.

दिवाळीनंतर बाबांनी गुरुजींकडून लिहवलेलं पत्र आलं. पोपट आता स्पष्ट ‘माय’ म्हणतो. म्हणजे उपायात खोट नाही, पोरीच्या जिभेतच खोट आहे. परळीकडचा एक जाणता माणूस जिभेखालची तार कापतो, त्याला बोलवावं असा विचार आहे. तुझं मत कळव.

माझं मत त्यांनी विचारलं होतं. मी लिहिलं, “घाई करू नये. मी सुट्टीत आल्यावर बघू.” कान हा शब्द मी लिहिला नाही.

त्यानंतरचं पत्र पत्त्यातल्या चुकीनं भलत्याच वसतिगृहात जाऊन पडलं होतं. माझ्या हाती आलं तेव्हा त्याचा एक कोपरा फाडलेला दिसला, आणि अशुभाचं पत्र असंच पाठवतात हे मला माहीत होतं. धाकटीला पुरून तीन आठवडे झाले होते. माझं पत्र पोचायच्या आधीच तो माणूस गावात आला होता. तार कापली, रक्त राख दाबून थांबवलं. आठव्या दिवशी तिची दातखिळी बसली, अंग धनुष्यासारखं ताणलं. दोन दिवस ती तशीच होती. माय तिच्या कानाला तोंड लावून अखेरपर्यंत हाका मारत होती, पण तिनं वळून पाहिलं नाही, असं बाबांनी लिहवलं होतं.