गैरहजर गोलकीपर

सहायक प्रशिक्षक! घरी पाहुणे आले की आई हे दोन शब्द मुद्दाम मोठ्यानं म्हणायची. कॉलेजात तीन वर्षं मी वॉटर पोलोची गोलकीपर होते, आणि पदवी झाल्यावर आमच्या प्रशिक्षक सरांनीच मला बोलावून घेतलं. "तू आसलंस तर पोरींची टीम उभी रवतली," म्हणाले, आणि मी विरघळले. सर म्हणजे गणेश चवथीला आमच्या साखळी गावच्या घरी येऊन गोड नेवऱ्या खाणारा माणूस. बाबांना दादा म्हणायचे. त्यांच्यावर संशय घ्यायचा तर आधी सख्ख्या काकावर घ्यावा लागला असता.

पहिल्याच वर्षी माझ्या हाताखाली इब्रामपूरची एक पोरगी आली. नदीत पोहायला शिकलेली, अंगात नुसती रग. दोन्ही हात पाण्याबाहेर धरून ती नुसत्या पायांच्या जोरावर इतका वेळ उभी राहायची की मला तिचा हेवा वाटायचा. राज्याच्या संघात गोलकीपरची एक जागा रिकामी होती, आणि त्या जागेवर तिचा जीव अडकला होता. दुसरी दावेदार सरांची भाची. भाची बरी खेळायची, पण नुसती बरी. हे मी सरांच्या तोंडावर बोलले होते आणि ते हसले होते.

अडचण आली ती शिरगावच्या जत्रेची. पोरगी धोंड होती, म्हणजे देवीचं व्रत धरणारी. व्रताचे दिवस सोवळ्यात काढायचे, वेगळं शिजवून खायचं, बाहेरच्या कुणाचा स्पर्श नको. मग हा पाण्यातला झोंबाझोंबीचा खेळ कसा खेळणार? निवड चाचणी नेमकी त्याच सुमारास होणार होती. "ताई, ह्या वर्सा व्रत धरू नको?" तिनं भीत भीत विचारलं. मी सरांकडे गेले, सगळं सांगितलं.

"घाबरतंस कित्याक? जत्रा होऊ दे, मगे चाचणी घेऊया. मी आसंय मा!"

मी तिला फोन करून सांगून टाकलं, बिनधास्त धर.

व्रताच्या तिसऱ्या दिवशी सरांनी मला लहान मुलांना घेऊन वास्कोला सराव सामन्याला धाडलं. परत आले तर फळ्यावर यादी. चाचणी उरकलीसुद्धा! गोलकीपर, भाची. माझ्या पोरीच्या नावापुढे 'गैरहजर'. आणि खाली निवड करणाऱ्यांत माझी सही. खोटी नव्हे हो, माझीच. साखळीहून येणारी माझी बस कायम उशिरा, म्हणून काम अडू नये यासाठी सर मला कोऱ्या कागदांवर सह्या करून ठेवायला सांगायचे. आणि मी बावळट, करायचे.

"सर, तुम्ही शब्द दिला होता."

"तारीख वयल्यान इली, गो. माझ्या हातात काय होतां?" चहात उंडा पाव बुडवत ते म्हणाले.

वरून! मी वरच्या कार्यालयात फोन लावला, तर ती तारीख सरांनीच मागून घेतली होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या माणसाच्या दर सामन्याआधी पाया पडले, त्यानं माझ्याच तोंडून पोरीच्या व्रताचे दिवस काढून घेतले आणि माझ्याच सहीनं तिला बाहेर फेकलं. ही यादी मला मान्य नाही असं मी लिहून दिलं. कुणी वाचलं की नाही, देव जाणे.

जत्रा आटोपल्यावर मी इब्रामपूरला गेले. यादीचा फोटो तिच्या मोबाईलवर आधीच पोचला होता. तिनं मला खुर्ची दिली, पाणी दिलं. मी सरांची लबाडी, कोरे कागद, सगळं सांगितलं. रडलेसुद्धा.

"ताई, सर माझ्याशी कधी दोन शब्द बोलूक नायत," ती शेवटी म्हणाली. "मी धोंड आसंय ह्या तेंका खय ठावक होतां? ठावक होतां ता फकत तुमका."