रेवदंड्याच्या बंदरात आमचे बावटे

खरं सांगते, या वेळी मला कुठेच जायचं नव्हतं. पुण्यात घरी पाय पसरून पडावं, एवढीच इच्छा होती. भिंती रंगवून झाल्या, पथनाट्यं झाली, रांगोळ्यासुद्धा काढून झाल्या. आम्ही समलिंगी, ट्रान्स माणसं तुमच्याच घरांतून आलोय, हे कलेतून सांगत मी इतकी वर्षं फिरतेय की हल्ली समोरच्याचा प्रश्न पुरा व्हायच्या आत माझं उत्तर तयार असतं. अगदी कंटाळा आलाय. पण कीर्तीचा फोन आला, "ताई, एकदा माझ्या गावाला चल." तिला नाही म्हणणं जमलं नाही.

कीर्ती पनवेलला ब्यूटी पार्लरमध्ये काम करते. रेवदंड्याच्या एका नाखव्याच्या, म्हणजे होडीमालकाच्या घरी ती मुलगा म्हणून जन्मली आणि बापाबरोबर बरीच वर्षं मासेमारीला गेली. मग तिने साडी नेसली आणि बापाने तिच्याशी बोलणं टाकलं. तिची कल्पना साधी होती. इथल्या होड्यांवर रंगीत बावटे फडकत असतात. गावातल्या बायकांबरोबर बसून आमच्या इंद्रधनुषी सात रंगांचे बावटे शिवायचे आणि होड्यांवर लावायला द्यायचे. त्यातला एक बापासाठी. बापाने तो लावावा, एवढंच तिला हवं होतं.

तुम्ही पुण्याहून निघणार असाल तर अलिबागची सकाळची एसटी पकडा आणि वडखळला गाडी अडकणार हे गृहीत धरूनच डबा घ्या. पुढे रेवदंड्याला एसटी आहे, पण आमच्याकडे कापडाची गाठोडी होती म्हणून रिक्षा केली. चारेकशे रुपये गेले. नारळी-पोफळीच्या वाडीतली एक खोली मिळाली, स्वच्छ, गरम पाण्यासकट. रात्री बांगड्याचं तिखलं, तांदळाची भाकरी आणि सोलकढी. पोट भरलं, पण मालकीणबाई वाढता वाढता म्हणाल्या, "दोघी बहिणी का?" दुसऱ्यांना मोकळेपणाने बोला म्हणून सांगणारी मी, "हो" म्हणून मोकळी झाले. खरंच दमले होते.

दुसऱ्या दिवशी कीर्तीच्या घरच्या ओट्यावर शिवण बसली. बाप समुद्रावर होता, म्हणूनच ते शक्य झालं. कीर्तीची आई हिराबाई मशीनवर, बाकी चार-पाच जणी हाताने टाके घालणाऱ्या. समोर बोंबील वाळत होते. मी नेहमीचं भाषण सुरू केलं, तर एक म्हातारी म्हणाली, "बाय, तू दोरा ओव. आमचे होरीला लाल बावटा हाय. ह्यो सात रंगांचा कशाला?"

"आमच्यासारख्यांची खूण हाय, मावशे," कीर्ती म्हणाली.

"मंग लावू की. खूण तं सगल्यांचीच असते."

माझं भाषण तिथेच संपलं. कीर्तीला जुन्या नावाने हाक मारून एक-दोघींनी जीभ चावली, तेवढं सोडलं तर दिवस छान गेला.

संध्याकाळी तीन होड्यांवर आमचे बावटे चढले. कीर्तीचे वडील बंदरावर आले. हिराबाईंनी त्यांच्यापुढे बावटा धरला. त्यांनी तो घेतला, घडी घातली, काखेत मारला आणि निघून गेले. कीर्ती माझ्या शेजारी उभी होती. तिच्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. सकाळी त्यांच्या होडीवर जुनाच बावटा होता आणि बाकी तीन बावट्यांतले दोन उतरले होते. कोणी काय म्हटलं असेल, ते मी विचारलं नाही.

उरलेले बावटे दुसऱ्या एखाद्या बंदरात लावायचे असं आधीच ठरलं होतं, म्हणून आम्ही दिघीला गेलो. साळावचा पूल, मग काशीद, मुरूड, आगरदांडा आणि तिथून फेरीबोट. रस्ता सुंदर आहे, गाडी लागत असेल तर गोळी घ्या. दिघीच्या जेट्टीजवळ दोरी बांधून बावटे लावले. चहावाले चाचा बराच वेळ बघत होते.

"कोनचा पक्ष हाय हा? इलेक्शन आलं का?"

कीर्तीने समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरं, म्हंजे मत न्हाय मागायचं. मंग चहा घ्या."

चहाचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. परतीच्या बोटीत मी हसत होते. कीर्तीचा चेहरा मात्र गाव जवळ येईल तसा उतरत गेला.

शेवटच्या सकाळी होड्या आल्या तेव्हा आम्ही निरोप घ्यायला बंदरावर गेलो. हिराबाई पाटी घेऊन उभ्या होत्या. हलक्या आवाजात म्हणाल्या, "तुजे बापानं लावलाय बावटा. होरीवर न्हाय. दर्यान, जाल्याचे काठीला."

समुद्रात सोडलेलं जाळं सापडावं म्हणून त्याच्या तरंगत्या काठीला फडकं बांधतात. किनाऱ्यावरून ते दिसत नाही.

"म्हंजे जिथं कुनी बघनार न्हाय तिथं," कीर्ती म्हणाली. मलाही राग आला. एवढा प्रवास, एवढी शिवण, आणि शेवटी परत लपवाछपवीच.

कीर्ती तडक होडीपाशी गेली. बाप माशांच्या पाट्या उतरवत होता.

"बाबा, उद्या मना होरीवर घेऊन चल. मना बगायचाय तो."

त्यांनी मान वर केली. इतक्या वर्षांनी तिच्याकडे नीट पाहिलं. तिच्या साडीकडे, बांगड्यांकडे.

"बाईमानूस होरीवर चालत न्हाय," ते म्हणाले आणि पुन्हा पाटी उचलली.

इथे बायका मासे विकतात, होडीवर जात नाहीत. ज्या होडीवर कीर्ती वाढली, तीच आता तिला बंद झाली होती. ती जाळ्याच्या ढिगावर बसली आणि रडायला लागली. मी धावले. जवळ गेल्यावर कळलं, ती हसतही होती.

घरी येऊन आता आठवडा झाला. मधुराला, माझ्या जोडीदाराला, सगळं सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, पण हा बायकांवर अन्यायच की!" आहेच. मला त्या माणसाचं कौतुक करवत नाही आणि त्याच्यावर रागही धरवत नाही. माझा थकवा काही रेवदंड्याला उतरला नाही, पाठ अजून दुखतेय.

काल कीर्तीचा फोन आला. बाबाने 'बाईमानूस' म्हणून होडीवर चढू दिलं नाही, त्याचे तिने पार्लरमध्ये पेढे वाटले होते.

"आणि आता?" मी विचारलं.

"आता भांडनार. बायकांनी होरीवर का न्हाय चढायचं?"