परबची तेलकुपी

ही गोष्ट सांगायची मी बरीच वर्षं टाळली. बायकोलाही सांगितली नाही. आता परब नाही, आणि माझ्याकडे जपण्यासारखी अब्रूही फारशी उरलेली नाही.

सहदेव परब आमच्या मरोळच्या कारखान्यात फिटर, मी तपासनीस. त्याच्या खिशात कायम लांब नळीची तेलाची कुपी असे. कुठलंही दार कुरकुरलं की थांबायचा. "दार रडता हा, तुमका ऐकाक येत नाय?" आणि बिजागरीत थेंब. एकदा बँकेच्या वॉचमनने हटकलं, तर त्यालाच म्हणाला, "तुझ्या खुर्चीक पण घालू?"

मग एका संशोधन संस्थेसाठी आम्ही यंत्रमानवाचा हात बनवायला घेतला. अंतराळात माणसाशिवाय, स्वतः बघून जोडकाम करणारा. त्याला तेल वर्ज्य. परब रोज सकाळी कुपी माझ्या खणात ठेवायचा आणि कोपरापर्यंत हात धुवायचा. "थंय हवा नाय, वसंता. तेलाची वाफ जाता नि कॅमेऱ्यार बसता. तो आंधळो झालो तर थंय त्याचो हात धरूक कोण आसा?"

हात न्यायला संस्थेची माणसं आली, त्या सकाळी मनगट किंचित कुरकुरलं. परब गोदामात होता. पाहुणे जिना चढत होते. मी खण उघडला, एक थेंब सोडला, फडक्याने पुसलं. कुरकुरलं की तेल, ही कारखान्यातली जन्माची सवय.

संस्थेतल्या निर्वात चाचणीत कॅमेऱ्याच्या काचेवर तेल साचलं. हात जागीच थांबला.

मालक परबवर ओरडले, "कुपी घेऊन कोण फिरतं रे इथे? तूच ना?" परबने माझ्याकडे पाहिलं. कुपी दिवसभर कुठे असते, हे आम्हा दोघांनाच ठाऊक होतं. मी फरशीकडे बघत राहिलो. तोही बोलला नाही.

त्याच दिवशी त्याला काढलं. जाताना त्याने एवढंच विचारलं, "त्याचो डोळो साफ झालो काय रे?" कुपी मागितली नाही.

वर्षभराने ती खिशात घालून मी त्याच्या भांडुपच्या खोलीवर गेलो. दार कर्रकन उघडलं. माझी नजर बिजागरीकडे गेली. "रवांदे," तो मला थांबवत म्हणाला, "आता तेलाक हात नाय लावणंय." चहा झाला. गुडघेदुखीवर बोललो. कुपी खिशातच राहिली.

गेल्या महिन्यात तो गेला. तेराव्याला तेच दार तसंच कुरकुरलं. आत त्याच्या फोटोसमोर माणसं बसली होती, आणि मी फुलं वाहून तसाच परत आलो.

सहदेवा, तेल मी घातलं होतं. चुकलो रे.