इमारतींची सासू

कचेरीत तिचं खरं नाव फक्त पगाराच्या दिवशी कानावर पडायचं. एरवी सगळे तिला सासूबाई म्हणत, आणि तेही तोंडावर. तिला मुलगा नव्हता, सून तर नव्हतीच. पण काम असं होतं की दुसरं कुठलं नाव तिला शोभलंच नसतं. दवाखाना असो, वाचनालय असो की शाळा, नवी सरकारी इमारत वापरात येऊन वर्ष उलटलं की हिला तिथे धाडायचे. मग ही आठवडाभर तिथेच मुक्काम ठोकल्यासारखी वावरायची आणि इमारत आपल्या माणसांना नीट नांदवते आहे की नाही ते बघायची.

हे काम तिनं स्वतःच ओढवून घेतलेलं. आधी ती बरीच वर्षं त्याच कचेरीत नकाशे काढत होती. एकदा आत्याला बघायला एका मोठ्या दवाखान्यात गेली आणि परत निघताना अशी काही चुकली की थेट चादरी धुण्याच्या खोलीत जाऊन पोचली. तिथल्या बायकांनी रस्ता सांगितला. आपल्याकडे रोज दोन-चार जण येतातच, असंही सांगितलं. लाज वाटायचं कारण वेगळंच होतं. तो बोळ हिनंच आखला होता. दुसऱ्या दिवशी ती साहेबांसमोर उभी राहिली आणि म्हणाली की आपण इमारती बांधतो आणि पुन्हा तिकडे फिरकतही नाही, हे काही बरं नाही. साहेबांना वाटलं, चार महिन्यांत हौस फिटेल. ती काही फिटली नाही.

तिच्या पिशवीत मोजपट्टी असे, उजेड मोजायचं यंत्र असे, पण तिचा खरा भरवसा बसण्यावर होता. जिथे माणसं आपणहून टेकतात तिथे सगळं ठीक चाललंय, आणि जिथून नुसती ये-जा करतात तिथे काहीतरी बिनसलंय, असं तिचं साधं गणित होतं.

तर अशा या सासूबाईंच्या वाट्याला एक दिवस धाकट्या भावाची शाळा आली. भाऊ वास्तुरचनाकार. शाळेचा आराखडा त्याचा, आणि त्या शाळेचे फोटो चांगल्या गुळगुळीत मासिकांत छापून आलेले. हे काम दुसऱ्या कुणाला द्या, असं तिनं साहेबांना सांगून पाहिलं. साहेब हसले. तुम्ही भावाला सोडाल असं इथल्या टेबल-खुर्च्यांनाही वाटत नाही, म्हणाले.

भावानं मात्र आदल्या दिवशी फोन केलाच. "ताई, जरा हलक्या हातानं घे."

"माझा हात हलकाच असतो रे," ती म्हणाली. "जड असतात ती तू बसवलेली दारं."

शाळा खरोखरच देखणी निघाली. पहिले दोन दिवस तिला खोड काढायला जागा सापडेना. शेवटच्या बाकावर बसून तिनं गणिताचा तास ऐकला. फळा स्वच्छ दिसत होता, बाईंचा आवाज पोचत होता, आणि विचारलेलं उदाहरण तिचं चुकलं, पण त्यात इमारतीचा दोष नव्हता. पाण्याचे नळ अगदी बुटक्या पोरांच्याही हाताला येत होते. वर्गात वारा खेळत होता. भावाचा तिला मनातून अभिमान वाटला, आणि तो वाटतो आहे याचा जरासा रागही आला.

घोळ होता तो मधल्या पायऱ्यांचा. शाळेच्या पोटात एक मोठं दालन होतं आणि त्यात खालपासून पहिल्या मजल्यापर्यंत रुंद दगडी पायऱ्या. चढायला कमी, बसायला जास्त. मुलांनी तिथे डबे खावेत, वाचावं, गप्पा ठोकाव्यात, अशी भावाची कल्पना. मासिकांतले फोटो यांचेच. मधल्या सुट्टीची घंटा झाली, वर्गांतून पोरं उधळली आणि पायऱ्यांच्या कडेकडेनं वाहून गेली. एकही टेकलं नाही. सासूबाई मागोमाग गेल्या तर अख्खी शाळा पंपाच्या खोलीमागच्या बोळात कोंबलेली. ओल आलेली भिंत, पंपाची घरघर, आणि तिथे मांडीला मांडी लावून पोरं खुशाल जेवत होती.

तिनं पायऱ्यांवर बसून पाहिलं. दगड थंडगार होता. झालं, निदान ठरलं. शिपायाला सांगून तिनं खेळाच्या खोलीतल्या जुन्या गाद्या पायऱ्यांवर टाकून घेतल्या. दुसऱ्या दिवशी सुट्टी होताच त्या गाद्यांनी तुंबळ युद्ध झालं. एक गादी चित्रकलेच्या सरांच्या डोक्यावर जाऊन बसली, आणि युद्ध संपल्यावर पोरांनी सगळ्या गाद्या उचलल्या आणि बोळात नेऊन अंथरल्या. सरांची माफी मागताना सासूबाईंचा चेहरा उतरला होता. इतक्या वर्षांच्या अनुभवाची अशी फजिती क्वचितच होते.

मग तिनं गपगुमान आपला डबा उचलला आणि बोळात जाऊन बसली. पोरींनी सरकून जागा दिली. तिनं काही विचारलं नाही, त्यांनी काही सांगितलं नाही. असे दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी शेजारची चष्मेवाली मुलगी, तिच्या गाद्यांच्या फजितीची कीव आल्यासारखी, आपणहून म्हणाली, "तिथे बसलं ना, की मोठ्या बाई दिसतात."

"रागावतात का?"

"नाही. काहीच बोलत नाहीत." मुलगी जरा विचारात पडली. "पण दिसतात."

सासूबाई पुन्हा पायऱ्यांवर जाऊन बसल्या, या वेळी मान वर करून. समोरच पहिल्या मजल्यावर मुख्याध्यापिकांची खोली होती, चारी बाजूंनी काचेची, माशांच्या पेटीसारखी. ही कल्पनाही भावाचीच. मोठ्या बाई मुलांना कायम समोर दिसाव्यात, म्हणजे त्यांची भीती मोडेल, असं त्यानं ठिकठिकाणी सांगितलं होतं. या वेळी पेटी मात्र रिकामी होती. टेबलावर कागद पसरलेले, खुर्चीच्या पाठीवर शाल. शिपाई म्हणाला, बाई फेरी मारायला गेल्यात. फेरी सुट्टीतच असते, आणि रोजच असते, असंही तो नको इतक्या गंभीरपणे म्हणाला. पोरं तिकडे मान वर करतच नसल्यानं हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

सासूबाईंनी सगळा मजला पालथा घातला. शेवटी टोकाची नकाशांची कोठी उघडली, तर मोठ्या बाई तिथे. ज्यांच्या नुसत्या चाहुलीनं वर्ग चिडीचूप होत त्या बाई गुंडाळ्या केलेले नकाशे आणि जीवशास्त्राचा सांगाडा यांच्या मध्ये चपला काढून, पाय स्टुलावर ठेवून डबा खात होत्या.

"दार लावून घ्या," त्या म्हणाल्या. "आणि बसायचं तर त्या पृथ्वीगोलाच्या खोक्यावर बसा. दुसरं काही नाही."

मग बाई बोलल्या, आणि वर्षभराचं एकदम बोलल्या. त्या काचेत जांभई देता येत नाही. चपला काढता येत नाहीत. आपण नजर वर केली की खालची पोरं खांबासारखी ताठ होतात, म्हणून आपण मान खाली घालून कागद बघतो, तर पोरांना वाटतं बाई चिडल्यात. सदा कामात असल्याचा चेहरा धरून बसायची अशी सवय लागली की घरी गेल्यावरही तो लवकर उतरत नाही. नवरा विचारतो, माझं काही चुकलं का.

"मग सांगितलं का नाही कुणाला?" सासूबाईंनी विचारलं.

"कसं सांगणार? खोली दाखवताना ते इतके हरखले होते. लग्नाच्या मुलाचा बाप असतो तसे. माझी जीभच वळली नाही."

आपला भाऊ कसा हरखला असेल ते सासूबाईंना डोळ्यांसमोर दिसलं. लहानपणी पत्त्यांचा बंगला झाला की तो घरभर सगळ्यांना ओढून आणायचा आणि श्वास रोखून उभा राहायचा. कोठीतून बाहेर पडताना तिला गुपित उलगडल्याचा आनंद झाला होता, पण ते आता कुणाला सांगायचं आहे हे आठवून तिनं हातात घेतलेला फोन परत पिशवीत टाकला.

अहवालाआधी तिनं त्याला शाळेत बोलावून घेतलं आणि काही हातचं न राखता सगळं सांगितलं. तो दुखावला. मग वाद घालू लागला. पारदर्शकता, मोकळेपणा, विश्वास, सगळं काढलं. ताईनं वाद घातला नाही. मोठ्या बाईंना आज वर्गावर जायचंय, तोवर तू तुझं काम घेऊन त्यांच्या खोलीत बस, एवढंच म्हणाली. तो तावातावानं जाऊन बसला.

ती खाली पायऱ्यांवरून बघत होती. आधी त्यानं कागद मांडले. मग कॉलर सारखी केली. थोड्या वेळानं पुन्हा केली. सुट्टी झाली तशी येणारी-जाणारी पोरं मान वर करून बघायला लागली. दोघी-तिघी वर जाऊन काचेला नाक लावून उभ्या राहिल्या. त्यानं आधी हसून पाहिलं, मग हसू कधी आवरायचं ते कळेना म्हणून फोन कानाला लावला. फोनवर कुणी नव्हतं, हे खालूनही कळत होतं.

घंटेनंतर तो उतरला आणि ताईशेजारी बसला. कॉलर सैल केली.

"मला शिंक आली होती," तो म्हणाला. "गिळली."

ती हसली नाही. हसायची ऊर्मी तिनंही गिळलीच. तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि नळांची उंची किती बरोबर साधली आहे ते सांगितलं. ते खरं होतं, आणि त्या घटकेला त्याला ऐकायला हवंही होतं.

पुढचं सोपं गेलं. मोठ्या बाई नकाशांच्या कोठीत आल्या. भावानं तिची भिंत मागे सरकवली, खिडकी मोठी केली आणि साधं लाकडी दार बसवलं, हव्या त्या वेळी लावता येणारं. बाईंना भेटायला येणारी पोरं वाढली. दार वाजवायला काहीतरी मिळालं म्हणून असेल. नकाशे, पृथ्वीगोल आणि सांगाडा काचेच्या खोलीत गेले. सांगाड्याला पोरांनी काय नाव ठेवलं ते बाईंना ठाऊक आहे, आणि ठाऊक नसल्याचं त्या छान दाखवतात. पायऱ्या भरल्या, अगदी वरच्या सोडून. तिथे दुपारी ऊन येतं, त्याला अजून कुणाला उपाय सुचलेला नाही. पंपामागच्या बोळात अजूनही काही जण जातात. तेवढा असू द्या, असं सासूबाईंनी मोठ्या बाईंना सुचवलं, तेव्हा बाई म्हणाल्या, "कुठला बोळ?"

हल्ली भाऊ पाया खणायच्या आधीच ताईला बोलावतो. परवा म्हाताऱ्यांच्या विरंगुळा केंद्रासाठी मोकळ्या जागेवर चुन्यानं खोल्या आखल्या होत्या. ती दोन खुर्च्या घेऊन गेली, मधल्या दालनात मांडल्या आणि दोघं भर दुपारी तिथे बसून राहिली. थोड्या वेळानं तिनं खुर्ची उचलली, चुन्याची रेघ ओलांडून पलीकडे ठेवली आणि म्हणाली, "हे बघ, मला इथे बसावंसं वाटतंय."

भावानं पायानंच जुनी रेघ पुसली.